टेबलावरचा गेथिन

१४ जून

आले एकदाची अबेरलासला! गाडीतून उतरले तो समोर समुद्र, आणि समुद्राच्याही आधी आइस्क्रीमची टपरी. लग्न झाल्यापासून गेथिनने आमच्या कोळशाच्या खोऱ्यात बसून आपल्या या जन्मगावाचे गोडवे गाऊन माझे कान किटवले होते. आमचा धक्का, आमची गाढवं, आमची टेकडीवर चढणारी गाडी. जणू सगळं याच्या बापानेच बांधलं होतं. मला मात्र एकदाही आणलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. मार्चमध्ये खाणीच्या धुळीने छाती भरून तो गेला आणि मी एकटीच आले. असो. रडगाणं खोऱ्यातच ठेवून जाईन असं कादीला वचन दिलं आहे. लेक माझी कार्डिफच्या इस्पितळात नर्स आहे, आणि आई रडलेली तिला फोनवरूनही कळते.

खोली विनी प्रॉसरकडे मिळाली. विनी गेथिनच्या वर्गातली. टेकडीच्या गाडीची तिकिटं फाडते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करते. नोकरीही तिनेच मिळवून दिली. पहिल्याच चहाला मनुकांच्या पावाचा जाडजूड तुकडा लोणी फासून पुढे केला आणि म्हणाली, खा पोरी, गेथिन मेला शाळेत माझा डबा चोरून खायचा, त्याची बायको निदान समोर बसून तरी खाते. खूप दिवसांनी पोट धरून हसले.

१६ जून

आज काम समजून घेतलं. टेकडीच्या माथ्यावर एक गोल, बिनखिडक्यांची खोली आहे. गावात तिला नुसतं ‘डोळा’ म्हणतात. छतात आरसा आणि भिंग, खाली पांढरं गोल टेबल. दार लावून काळोख केला की त्या टेबलावर अख्खं गाव उतरतं. जिवंत, हलतं, रंगीत, पण मुकं. लाटा फुटतात आणि आवाज नाही. मी दांड्याने आरसा फिरवायचा आणि पाहुण्यांना दाखवायचं: हा धक्का, ही पोरांना पाठीवर फिरवणारी इव्होरची गाढवं, हे आपले महापौर बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेत. ऊन मात्र हवं. ढग आला की गाव पुसलं जातं.

विनीने एक खेळही शिकवला. पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा टेबलावर आडवा धरायचा, रस्त्यावरचं माणूस चालत चालत त्यावर आलं की पुठ्ठा अलगद वर उचलायचा. माणूस आपल्या हातावरच चालतंय असं दिसतं आणि लहान मुलं आनंदाने किंचाळतात. पुठ्ठा काढला की माणूस टेबलावर होता तिथेच. त्याला पत्ताही नसतो. उजेडच तो, त्याला काय कळणार?

संध्याकाळी फिरायला गेले. किनाऱ्याचा रस्ता धक्क्यापासून निघतो आणि टेकडीच्या पायथ्याशी एका लोखंडी कठड्यापाशी संपतो. कठड्याला लाथ हाणल्याशिवाय तिथून वळायचं नाही, असा इथला रिवाज. पाद्रीसुद्धा झगा सावरून हाणतो. मी तशीच वळले, तर मागून इव्होर गाढववाला ओरडला, ओ बाई, फेरी अर्धी राहिली तुमची, जा परत! मुकाट्याने जाऊन लाथ हाणली. अंगठा अजून ठणकतो आहे.

२३ जून

कसं लिहू? गेथिन दिसला.

दुपारी पाहुणे नव्हते. मी सहज आरसा फिरवत होते. धक्क्याकडून एक माणूस येत होता, हात पाठीमागे, आणि मध्येच थांबून पँट वर ओढत होता. पट्टा घट्ट बांध म्हणून मी जन्मभर ज्याच्यामागे लागले तोच हा. अंगात तपकिरी कोट. तो कोट मी एप्रिलमध्ये चॅपेलच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत देऊन टाकला होता.

बाहेर धावले, टेकडीच्या कडेवरून खाली पाहिलं. रस्त्यावर दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा. आत आले. टेबलावर दोन म्हाताऱ्या, कुत्रा, आणि गेथिन. कठड्याजवळ पोचतच होता तेवढ्यात ढग आला.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी टेबलावर गाल टेकून बसले आणि वचन मोडून हमसाहमशी रडले.

२५ जून

स्वच्छ ऊन. पुन्हा आला, धक्क्याकडूनच. आज कठड्यापाशी पोचून त्याने लाथ मारायला पाय मागे घेतला. का कोण जाणे, पण वाटलं की एकदा का याने ती लाथ मारली की हा गेला. परवा ढगाने वाचवलं होतं. हातात पुठ्ठा होता. मी तो त्याच्याखाली सरकवला आणि उचलला.

इतर माणसं पुठ्ठ्यावरून घसरून टेबलावर राहतात. हा राहिला नाही. पुठ्ठ्याबरोबर वर आला, माझ्या डोळ्यांसमोर, करंगळीच्या नखाएवढा माझा नवरा. टोपी, कानाजवळचे पांढरे केस, सगळं. मी त्याला धक्क्याजवळ खाली ठेवला. तो जरा गोंधळला, पँट वर ओढली, आणि पुन्हा चालू लागला.

दिवसभर हेच केलं. कठड्यापाशी पोचला की उचलायचा, धक्क्यापाशी ठेवायचा. संध्याकाळी विनी म्हणाली, काय गं नेरिस, गालावर लाली काय, गाणं काय, कोणी गाठलाय की काय आमच्या गावात? मी म्हटलं, हो, गाठलाय. ती खो खो हसली.

११ जुलै

रोज ऊन आहे, देवाची कृपा. पाहुण्यांना घाईघाईने वाटेला लावते. सकाळी केस विंचरते, ओठांना रंग लावते. तो वर बघत नाही तरी. आज त्याला सांगितलं की कादीला बढती मिळाली. काल घरभाड्यावरून जरा भांडलेही त्याच्याशी. अजून काय हवं माणसाला?

कादी फोनवर म्हणाली, आई, तुझा आवाज फार छान येतोय, समुद्र मानवला तुला.

२४ जुलै

गेथिन थकला आहे.

आधी मला वाटलं भिंगावर धूळ बसली. पुसलं. नाही, तोच ओढत चालतो आहे. कोट ओला, काळपट. बूट नाहीत. पायांचे ठसे मागे उमटतात आणि वाळत नाहीत. आज उचलला तेव्हा पुठ्ठ्याच्या कडेला धरून तो वाकला, आणि खोकला. आवाज नव्हता, पण त्याचा तो खोकला मला कानाने ऐकायची गरज नाही.

आणि त्याने वर पाहिलं. पहिल्यांदाच. माझ्याकडे.

२५ जुलै

विनीला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. ती हातातला चहा ठेवून खुर्चीत बसली.

म्हणाली, आमच्या गावचं माणूस मेलं की एकदा हा रस्ता चालतं. कुठेही मरू दे, उशिरा का होईना, चालायला इथेच येतं. धक्क्यापासून कठड्यापर्यंत, लाथ मारली की सुटलं. माझी आई अशीच सुटली, आम्ही सगळे कठड्यापाशी टोप्या काढून उभे होतो. आणि तू त्याला महिनाभर परत परत चालवतेस? अगं, दमेकरी माणूस तो! जाऊ दे बिचाऱ्याला.

मला काय माहीत हा रिवाज? आम्ही खोऱ्यातली माणसं मेलो की पडून राहतो.

उद्या जाऊ देईन.

२६ जुलै

पुठ्ठा बाजूला ठेवला, हात मांडीखाली दाबून बसले. आला. कठड्यापाशी थांबला. पाय उचलला, आणि एकदम मागे सरला. खाली जमिनीकडे बघत राहिला. पुन्हा पाय उचलला, पुन्हा मागे. मग मागे वळून धक्क्याकडे निघाला, आपणहून.

विनी म्हणते, कठड्यापाशी गेलं की पायाखालची जमीन निघते हे त्याला माहीत झालंय, आता एकटा नाही मारायचा तो लाथ. मी हे केलं. मीच केलं हे.

२ ऑगस्ट

तो आता चालत नाही. बाकांपाशी थांबतो, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघतो. हात पुढे करतो. लोक त्याच्यातून निघून जातात.

आज इव्होर गाढवं घेऊन घरी चालला होता. गेथिनने त्याला ओळखलं, लहानपणी एकत्र पोहायचे दोघं. त्याने इव्होरचा हात धरला. दोघं कठड्यापर्यंत गेले. इव्होरने सवयीने लाथ हाणली. गेथिनचं धाडस झालं नाही, तो हात सोडून मागे सरला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर इव्होर तळहात चोळत होता. म्हणाला, कोणीतरी मेला मासा हातात देऊन गेल्यासारखं वाटतंय, ऊबच येईना.

३ ऑगस्ट

इव्होर सकाळी खुर्चीतच गेलेला सापडला. हात मांडीवर उघडा.

विनीने जेवण दाराबाहेर ठेवलं. बरोबरच आहे.

१५ ऑगस्ट

पाऊस. पाऊस. असाच राहू दे.

कादीचा फोन: पुढच्या आठवड्यात येते आहे. मी म्हटलं येऊ नकोस. गाव घाण आहे, माझी तब्येत ठीक आहे, खोलीत जागा नाही. ती म्हणाली, आई, बाबांच्या वाटची लाथ मला मारायची आहे, तसा शब्द दिला होता मी त्यांना. मी ओरडले. तिने फोन ठेवला.

२२ ऑगस्ट

ऊन. कादी आली, न सांगता, थेट रस्त्यावर. टेबलावर दिसली, पिवळा फ्रॉक, हातात बूट. माझी गुणी पोर.

गेथिन बाकावरून उठला. धावत सुटला तिच्याकडे — इतके दिवस पाय ओढणारा माणूस धावला — चेहऱ्यावर काय आनंद — हात पुढे —

मी उचलला. त्याची बोटं तिच्या बोटांपासून केसभर लांब होती.

पुठ्ठा जड झाला. ओला. तो गुडघ्यांवर बसून माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

ढग येईपर्यंत त्याला धरून उभी राहिले. खांदे भरून आले.

मग कादी वर आली. तिला सगळं सांगितलं, उचलण्यापासून इव्होरपर्यंत. तिने माझी नाडी पाहिली. म्हणाली, उद्या डॉक्टरकडे जाऊ.

२३ ऑगस्ट

ठरलं. त्याला कोणीतरी हवं आहे सोबतीला. बायको कशाला असते मग?

कादीला वर टेकडीवरच्या ‘डोळ्या’त बसवून आले. तिथे तिला कोणी हात लावणार नाही. म्हटलं, टेबलावर बघ, बाबा दिसतील, दिसले तर निरोप घे. माझ्यावर विश्वास नाही तिचा, पण बसली. मी तिचे केस सारखे केले. ती म्हणाली, लहान आहे का मी?

कठड्याजवळच्या बाकावर लिहिते आहे. इथून तो दिसत नाही. ऊन छान पडलंय. मला भीती वाटते, खूप वाटते —

आला. हात धरला. गार, ओला. पण त्याचाच. अंगठ्याने माझी बोटं चोळतो आहे, चॅपेलमध्ये कंटाळला की चोळायचा तसा. डाव्या हाताने लिहिते, अक्षराला हसू नकोस कादी.

उठलो. कठडा समोर. तो मागे सरतो आहे. अरे घाबरू नकोस, आता उचलणारं कोणी नाही वर —

वर कादी आहे. पुठ्ठा टेबलावरच —

नाही उचलणार ती. माझी शहाणी पोर. चल. एक, दोन — पाय —

जमीन —

धक्का. आम्ही धक्क्यापाशी आहोत. पायातले बूट कुठे —

कादी. बाळा. कळतं गं मला. दोघंही एकदम दिसलो, आणि दोघंही एकदम जाताना — मलाही असंच झालं होतं. पण गेथिन रडतो आहे. आम्ही परत चालत येतो, हळूहळू येतो, पोटभर बघून घे. फक्त तिथे पोचलो की हात मांडीखाली दाब आणि या वेळी —

पुन्हा धक्का. कादी, ठेव गं तो —