लाल दोऱ्याने शिवलेली पानं

आई, तुझं पुस्तक माझ्यासमोर आहे आणि त्याची शिवण कापलेली आहे. कुंभाराचं पोरगं आणि त्याचं हट्टी गाढव, तेच पुस्तक. मुखपृष्ठावरचं गाढव आता बरंचसं पुसलं गेलंय, फक्त कान आणि पाठीवरची मडकी ओळखू येतात. सीताबर्डीला ज्या दुकानात मी मोबाइलची कव्हरं विकतो तिथून आज सुट्टी घेतली. सुट्टी म्हणजे मालकाला काही सांगितलं नाही, फोन बंद करून टाकला. बाबा कामावर गेलेत. खोलीत मी आहे, पुस्तक आहे आणि तुझा चरखा आहे, ज्याच्यावर आम्ही बापलेक टॉवेल वाळत घालतो. आज संध्याकाळी धरमपेठेत एका मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. मुलगा मौद्याच्या वीज प्रकल्पात इंजिनिअर आहे. त्या मुलीवर माझं प्रेम आहे. हे तुला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती. तू आधी लाटणं उचललं असतंस आणि मग हसली असतीस. तिनं मला एक सोपं काम दिलंय, पाहुणे यायच्या आधी करायचं, आणि सकाळपासून ते माझ्याकडून होत नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

तुला आठवतं का, आपण हे पुस्तक कसं वाचायचो? तू बाबांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायचीस. उजवा हात चरख्याच्या चाकावर, डावा सुतावर, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पुस्तक धरायचं काम माझं. मी तुझ्यासमोर फतकल मारून बसायचो आणि पुस्तक तुझ्याकडे तोंड करून धरायचो. म्हणजे पानं तुला दिसायची आणि मला फक्त गाढव. तू चाक फिरवता फिरवता वाचायचीस, मान हलवलीस की मी पान उलटायचो. आणि सूत तुटलं की गोष्ट थांबायची. नेमकं गाढव पुरात अडून बसलंय, पोरगं त्याचा कान ओढतंय, आणि टक्, सूत तुटलं. मी कळवळून म्हणायचो, "आई, तुटू नको देऊ वं." तू म्हणायचीस, "माह्या हातात हाय का ते? सुताले सांग." मग तुझी दोन बोटं काहीतरी करायची, विणकरांची ती बारीक गाठ कधी बसायची ते दिसायचंच नाही, आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. मला बरीच वर्षं वाटत होतं की सगळी पुस्तकं अशीच वाचतात, मधे मधे गाठी मारत.

पुस्तकाच्या मध्यावर काही पानं लाल दोऱ्याने कडेला शिवून टाकलेली होती. तिथं आलो की तुझं चाक जरा जोरात फिरायचं आणि तू पुस्तकात न बघता म्हणायचीस, "मंग त्या पोराची माय मामाच्या गावाले गेली, अन् पोरगं गाढव घेऊन पुढं निघालं. उलट आता, ते जाड पान एकदम उलट."

"हे काहून शिवलं?"

"उसवलं होतं. उलट लवकर, कांडी भरून राहिली."

मी उलटायचो. पुढे पोरगं जत्रेजत्रेत मडकी विकतं, गाढव हरवतं, सापडतं, आणि अगदी शेवटच्या पानावर ते आपल्या स्वतःच्या झोपडीत रोज संध्याकाळी दोन भाकरी करतं, एक खातं आणि दुसरी मडक्याखाली झाकून ठेवतं. संपलं पुस्तक. ते शेवटचं पान ऐकलं की मला केवढा आनंद व्हायचा. भाकर झाकून ठेवलीय, म्हणजे आई मामाकडून निघाली असणार, उद्या सकाळी पोचेल. मी रात्री अंथरुणात तिला बैलगाडीत बसवून आणत असे. पुढच्या वेळी परत पहिल्या पानापासून सुरू करायला सांगायचो, आणि तू कंटाळायची नाहीस.

मग मी सहावीत असताना तुला दवाखान्यात नेलं आणि तिथून तू घरी आलीस, पण पांढऱ्या चादरीत, आणि मला तुझ्याजवळ बसू दिलं नाही. त्या वर्षभर मी ताटातली एक पोळी रोज वाटीखाली झाकून ठेवायचो. बाबांना वाटायचं पोराला जेवण जात नाही. सकाळी ती वाळलेली पोळी ते गल्लीतल्या गाईला घालायचे. एकदा चिडून त्यांनी पाठीत धपाटा घातला, "अन्नाशी खेळून राहिला काय बे?" त्यांनी पुस्तक कुठं ऐकलं होतं. ते पलीकडे मागावर असायचे, खटखटीत त्यांना गोष्ट ऐकू जात नसे. एक दिवस मी पोळी झाकायची सोडून दिली. का सोडली ते आठवत नाही. पुस्तक मात्र त्यानंतर उघडलं नाही, पेटीत कपड्यांखाली ठेवून दिलं.

ती मुलगी मला कॉलेजात या पुस्तकामुळेच भेटली. मी वर्गात या गाढवाची गोष्ट काढली, तर एकजण म्हणाला की असली पुस्तकं शेंबड्या पोरांची असतात, आई गोंजारत नाही अशी पोरं ती वाचतात. मी त्याची कॉलर धरली. बाकीच्यांनी सोडवलं, आणि मागून कोणीतरी हसलं. ती होती. म्हणाली, "गाढवासाठी मारामारी करणारा पहिलाच माणूस पाहिला." मी तिच्यावरही भडकणार होतो, पण ती पुढे म्हणाली की तिच्या घरी त्या पुस्तकाच्या तीन प्रती आहेत. आजोबांची एक, आईची एक, तिची एक, आणि आता भाचीसाठी चौथी, नवी, चकचकीत कव्हरची. मला खरंच माहीत नव्हतं, आई. मला वाटायचं हे पुस्तक जगात एकच आहे, तुझं. आणि इथं बर्डीच्या पुस्तकांच्या दुकानात ते अजून नवंनवं छापून येतं, बाया पोरांच्या वाढदिवसाला घेतात, म्हातारे लोक उभ्या उभ्या चाळतात आणि एका ठरावीक ठिकाणी पान उघडून थांबतात. इतक्या वर्षांत मडकी गेली, गाढवं गेली, माग गेले, पण पुस्तक जात नाही. आमचं प्रेम जुळलं ते त्याच्या गप्पांत. तिच्या घरी गाढवाचा आवाज आजोबा कसा काढायचे ते ती सांगायची आणि मी तुझा काढून दाखवायचो. पुढे एका सरांशी माझं भांडण झालं, मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. मग एक नोकरी सोडली, मग दुसरी. ती राहिली. मी तिला तुझं पुस्तक दिलं. माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं.

मागच्या आठवड्यात तिनं मला धरमपेठेत रसवंतीवर बोलावलं. पुस्तक बाकावर ठेवलं आणि म्हणाली, "हे घरी घेऊन जा. मी ती शिवण कापली. पानं चिकटली असती नाहीतर." मी उघडून पाहिलं. शिवलेली पानं सुटी झाली होती.

"कोणाले विचारून कापली?"

"अरे, तेच तर पुस्तकातलं मुख्य प्रकरण आहे. पोराची आई जाते ते. सगळे त्याच्यासाठीच तर परत परत वाचतात."

"जाते म्हणजे? मामाकडे जाते ना."

ती हळूच म्हणाली, "जत्रेच्या धर्मशाळेत तापानं जाते, राजा. कोणता मामा? या पुस्तकात मामा नाहीच." आई, मी त्या रसवंतीवर उठून उभा राहिलो आणि ओरडलो की तुमच्या घरातल्या प्रती खोट्या आहेत. रसवाल्यानं मशीन बंद केलं. लोक बघत होते. मी तिला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, तुला आवडणार नाही. ती रडली नाही. तिनं रुमालानं पुस्तकावर सांडलेला रस पुसला. म्हणाली, "आजोबांनी मला ते वाचून दाखवलं तेव्हा मी किती रडले. ते म्हणाले, थांब, पुढचं पान उलट. पुढच्या पानावर सकाळ होते आणि ते पोरगं उठून गाढवाला पाणी पाजतं. एवढंच. त्या पाण्यावर हे पुस्तक टिकलंय. तुला ते पाणी कोणी दिलंच नाही." मग म्हणाली, "रविवारी मला बघायला येणार आहेत. घरी नाही म्हणायला मला काहीतरी हातात पाहिजे. तू काहीच शेवटपर्यंत नेत नाहीस. कॉलेज नाही, काम नाही, भांडणसुद्धा नाही, मधेच उठून जातोस. ती पानं वाच आणि रविवारी पाहुण्यांच्या आधी ये. माझ्या बाबांशी मी बोलते. नाही वाचलीस तर येऊ नको, मला समजेल."

मी घरी आलो तो तुझ्यावर जळत. खोटं सांगितलंस तू मला. मी एक वर्ष पोळ्या झाकल्या तुझ्या त्या मामाच्या भरवशावर. बाबा जेवत होते. मी पुस्तक त्यांच्या ताटासमोर आपटलं आणि विचारलं की आईनं माझ्यापासून हे काहून लपवलं.

बाबांनी हात धुतले, पुस्तक घेतलं, कडेवर बोट फिरवलं. "तुह्यापासून? तू कुठं होता तवा? लग्न होऊन उमरेडहून आली तवाच हे शिवलेलं होतं. शाळेत बक्षीस भेटलं होतं तिले. मी पुसलं, हे काय शिवलं वं, तर म्हणे ते पान मले वाचवत नाही. तिची माय तशीच गेली होती ना, ही सातवीत होती. मंग शाळा सुटली, कांड्या भरायले बसवली." ते पुढं म्हणाले, "मी म्हटलं, नसल वाचवत तर फाडून टाक. म्हणे, नाही जी, फाडाचं नाही. कधीतरी वाचीन." मग त्यांनी पुस्तक मला परत दिलं आणि राहिलेला भात खाल्ला.

तेव्हापासून तुझ्यावरचा राग कुठं ठेवू ते मला कळत नाही. तू मला फसवलं नव्हतंस. तू स्वतःच त्या पानाच्या अलीकडे उभी होतीस आणि मला सोबत घेऊन उभी होतीस. तिच्या घरात आजोबा, आई, ती, आता ती भाची, सगळे ते पान ओलांडून पलीकडे गेले, रडले आणि गाढवाला पाणी पाजून शाळेत गेले, कॉलेजात गेले. आपल्या घरात पुस्तक तेच, पण आपण दोघांनीही ते अर्धंच वाचलं. तू सातवीत थांबलीस, मी दुसऱ्या वर्षाला. शेवटची भाकर मात्र आपण दोघं मिटक्या मारत वाचायचो. ती वाचताना तुझ्या मनात काय यायचं, आई? तुला तर माहीत होतं की ती भाकर खायला कोणी येणार नाही. आणि समोर मी पुस्तक धरून हसत बसलेलो असायचो.

सकाळी मी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुस्तक घेऊन बसलो. एवढंसं प्रकरण आहे, चहा निवायच्या आत संपेल. पानं उलगडताना आतून तुझा दोरा निघाला. त्या दिवशी रागात मी पाहिलंच नव्हतं. तिनं तो ओढून काढला नाही, गाठीपासून लांब, जपून कात्री लावलीय, आणि गाठ जशीच्या तशी ठेवून दोरा पानात घालून दिलाय. तुझी गाठ तिनं कापली नाही. हे मला रसवंतीवर दिसलं असतं तर. पण मला वेळेवर काय दिसलंय आजपर्यंत.

आता ऊन दारातून उतरून समोरच्या भिंतीवर गेलंय. धरमपेठेत पोहे झाले असतील, तिनं साडी नेसली असेल. तिचं लक्ष फाटकाकडे असेल की नसेल, मला माहीत नाही, आणि हेच सगळ्यात वाईट आहे. इथून मेट्रोनं मी अजूनही पोचलो असतो, हे वाक्य लिहायला लागलो तेव्हा पोचलो असतो. आता नाही. हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, ते या पुस्तकातच राहील.

आई, मी त्या प्रकरणाची फक्त पहिली ओळ वाचली. तिच्यात त्या पोराच्या आईला ताप आलाय आणि ती प्यायला पाणी मागते. मी तिथं बोट ठेवून दिवसभर बसलो. तिथपर्यंत ती आहे.