शेंगा सोलताना

बुधवार, संध्याकाळ. धुळे.

अंगात त्राण नाही. पुण्यात समुपदेशनाच्या वर्गात शिकवलं होतं, समोर बसा, नजरेला नजर द्या. पारोळ्याच्या अक्का महिनाभर माझ्याकडे उपचाराला येताहेत, आणि नजर दिली की एकच उत्तर, "बठ्ठं बरं शे, ताई." सगळं बरं आहे म्हणे. आज त्यांच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या. कंटाळून म्हटलं, आणा इकडे, सोलू या. दोघी माना खाली घालून सोलत बसलो. अर्ध्या शेंगा झाल्यावर त्या शेंगांनाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, परवा मी जीव द्यायला विहिरीवर गेले होते, माघारी आले. लगेच त्यांच्या मुलीला बोलावून घेतलं. आता ती सोबत राहील.

हे कुठल्या पद्धतीत बसतं? कोण जाणे.

घरी आले तर आई समोर बसून, डोळ्यांत बघत, काय झालं म्हणून विचारते, "काय व्हयनं वं?" नखांत अजून शेंगांची माती.

म्हटलं, "बठ्ठं बरं शे."