सभासद क्रमांक ४१२

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज वाचनालयात जुनी पुस्तकं बाद करायची होती. पाच वर्षांत कुणी नेलं नाही की पुस्तक बाद, हा आमचा नियम. नलिनीताईंची कादंबरी हाती आली. मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखांची रांग, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच आकडा, ४१२. त्यांचाच सभासद क्रमांक.

तीन नाटकं आणि दोन कादंबऱ्या लिहिलेली बाई. बिबवेवाडीहून बसने कसब्यात यायच्या, स्वतःचंच पुस्तक न्यायच्या, आठवड्याने परत आणून द्यायच्या. मला वाटायचं, काय हौस तरी! एकदा बोललेच, "अहो, एव्हाना पाठ झालं असेल की!" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाटकं तर इथून गेलीच. हे तरी कपाटात राहू दे." तेव्हा मला अर्थ लागला नाही. की मी लावून घेतला नाही?

त्या जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या तारखेपुढेही ४१२च.

वाचनालयाचे चिटणीस समोर उभे होते. "बाई, त्यात एवढं काय बघताय?" नुसतं माझ्या नावावर नोंदवलं असतं, तरी ते कपाटात राहिलं असतं. तारखेचा शिक्का टेबलावरच होता. मी 'बाद'चा उचलला.

संध्याकाळपासून एकच खुपतंय. चिठ्ठीवरच्या त्या सगळ्या तारखा माझ्या हातच्या आहेत. इतक्या वेळा ते पुस्तक मी त्यांना काढून दिलं, परत घेतलं. उघडलं ते फक्त मागच्या बाजूने.