गच्चीवरचा भोपळा आणि कामचुकार फुलं

२ मार्च. सोसायटीची मीटिंग. गच्चीचा पूर्वेचा कोपरा माझ्या भोपळ्याच्या वेलीला मिळाला, पण ३१ मार्चपर्यंतच. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, तोवर भोपळा दिसला तर कोपरा तुमचा, नाहीतर तिथे कपड्यांच्या दोऱ्या बांधणार. मी म्हटलं, खुशाल या बघायला. मी बॉटनीची पदवीधर आहे. नोकरी हजेरी विभागात झाली, ती गोष्ट वेगळी.

५ मार्च, सकाळी ८. अकरा फुलं! जवळून पाहिलं. सगळी लांब दांड्यांवर ऐटीत उभी, पण एकाच्याही मागे फळाचा पत्ता नाही. नुसतं मिरवणं. चौतीस वर्षं असली माणसं पाहिली आहेत. सगळी खुडली.

सून म्हणाली, आई, ती नर फुलं असतील हो. तिला सांगितलं, बाई गं, आम्ही कॉलेजात जास्वंद उभी चिरली आहे. पुंकेसर, स्त्रीकेसर, सगळं एकाच फुलात असतं. ती कुकर लावायला गेली. पटलं असावं.

९ मार्च. आणखी चौदा खुडली. कळ्याही काढल्या. आता वेलीची सगळी ताकद फळात जाणार.

मधमाश्या फार येतात. रिकामटेकड्या. वेलीवर जुनी मच्छरदाणी घातली.

१४ मार्च. विजय! पहिलं कामाचं फूल. पाकळ्यांच्या मागे सुपारीएवढा हिरवा गोळा. परागीभवन मी स्वतः करणार. आंघोळ, पेपर, चहा आटोपून साडेअकराला ब्रश घेऊन गेले, तर फूल मिटलेलं! साडेअकराला! अंगठ्याने उघडलं आणि ब्रश फिरवला.

सुनेने विचारलं, ब्रशवर पराग कुठले होते? प्रत्येक गोष्टीत प्रश्न.

१८ मार्च. गोळा पिवळा पडून गळला. वारा फार होता.

२० मार्च. दुसरा गळला. आज वारा नव्हता. खत बनावट असणार.

२१ मार्च. माळ्यावरून कॉलेजची वही काढली. अक्षर काय सुंदर होतं माझं! परागकण कुक्षीवर पडतो, चिकटतो, त्यातून परागनलिका फुटते, ती खाली उतरत बीजांडापर्यंत पोचते, फलन होतं, मग बीजांडाची बी आणि अंडाशयाचं फळ. सगळं पाठ होतं.

खाली एक ओळ: भोपळ्यात नर आणि मादी फुलं वेगळी. नर आधी येतात, त्यांना फळ धरत नाही. फुलं पहाटे उमलतात, ऊन चढलं की मिटतात.

मीच लिहिलेलं. म्हणजे मला माहीत होतंच, फक्त आठवलं नव्हतं.

सुनेला सांगितलं नाही. उगाच डोक्यावर बसायची.

२२ मार्च, सकाळी ६. मच्छरदाणी काढली. मधमाश्यांना मोकळीक. एकही आली नाही. रुसल्या असाव्यात.

२५ मार्च. मादी फूल उमललं. नर फूल नाही.

२६ मार्च. नर फूल उमललं. मादी नाही. नर जपून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं. उद्या मादी उमलणार, खात्री आहे.

२७ मार्च. मादी उमलली! डबा उघडला तर रिकामा. यांना विचारलं. हे म्हणाले, कुजकं फूल होतं, टाकून दिलं. यांना चहा दिला नाही. दिवसभर.

३० मार्च. वेलीवर शून्य भोपळे. सोळा पानं मात्र अत्यंत निरोगी. सोसायटीच्या समितीला पानांकडे लक्ष द्यायला सांगावं. भाषण तयार आहे.

३१ मार्च. समिती वर आली. पानांवर बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात सेक्रेटरी पाण्याच्या टाकीची शिडी चढले आणि वरून ओरडले, अहो, इथे दोन आहेत की!

वेलीची एक फांदी टाकीवर चढली होती. गुडघ्यांमुळे मी महिनाभर तिकडे गेले नव्हते. सून वर जाऊन आली. म्हणाली, नर फुलं, मादी फुलं, मधमाश्या, सगळं जागच्या जागी; भोपळे नारळाएवढे.

मी म्हटलं, हो, तो भाग तुलनेसाठी मुद्दाम वेगळा ठेवला होता. सुनेला जोराचा खोकला आला.

हे हळूच म्हणाले, मला आठवडाभरापासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, सांगितलं असतं तर तू तिथेही चढली असतीस.

कोपरा कायमचा मिळाला. अट एकच, ठरावात लिहिलेली: मॅडमनी वेलीला हात लावायचा नाही. समितीतल्या पाचही जणांनी हात वर केले. मग सून आणि हे यांनीही केले, त्यांना मताचा हक्क नसताना.

सही केली. लांबून बघायला हरकत नाही, एवढं लेखी घेतलं आहे.