तोंड पाहिल्याबिगर

१ जानेवारी १९७९, साखरा

हिंगोलीच्या एसटीत माझी ट्रंक टपावर आणि मी एका बाईच्या मिरच्यांच्या पोत्यावर, असा प्रवास करून आज साखऱ्याला पोचलो. शिंका देत देत रुजू होणारा विज्ञानाचा मास्तर हेडमास्तरांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. पोरं मात्र खूश झाली.

राहायची सोय शाळेच्या कमिटीतल्या शेषरावांकडे आहे. मी पायरीवर उभ्या उभ्याच आडनाव सांगून टाकलं. औरंगाबादेत खोल्या शोधताना एवढं शिकलो, की आडनाव आधी सांगावं, म्हणजे नंतर पाण्याच्या तांब्यावरून कुणाची पंचाईत होत नाही. शेषराव म्हणाले, "व्हय, कळलं. आत या संतराम मास्तर, चहा निवून राहिला."

घर नवं आहे, गावातलं पहिलंच स्लॅबचं. माझ्या खोलीच्या छताला अजून चुन्याचा वास येतो. शेषरावांच्या बायकोनं, केशरबाईंनी, जेवायला वाढलं त्या स्टीलच्या ताटावर 'ग्यानोबा' असं नाव कोरलेलं होतं. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. मी लाज न धरता जेवलो. नोकरी, छप्पर आणि ठेचा, माणसाला आणखी काय लागतं!

४ जानेवारी

ग्यानोबा हा यांचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेत इंजिनियर होता. गेल्या हिवाळ्यात बर्फात त्याची मोटार घसरली आणि तो गेला. जाळलंही तिथंच. राख एका मित्रानं पत्र्याच्या डब्यातून आणून दिली.

तो डबा अंगणातल्या कडुनिंबाला टांगलेला आहे. अस्थी घरात आणायच्या नाहीत, नदीत सोडेपर्यंत बाहेर झाडाला बांधून ठेवायच्या, अशी इथली रीत. पण नदीत सोडायला केशरबाई तयार नाहीत. वर्ष झालं, त्यांचं एकच म्हणणं आहे: "तोंड पाहिल्याबिगर कसं लावून देऊ मी लेकराला?"

गच्चीवर त्याची दुर्बीण आहे. कॉलेजच्या सुट्ट्यांत त्यानं ती स्वतः बनवली. तेलाच्या रिकाम्या पिंपावर काच ठेवून महिनाभर घासली आणि आरसा केला. काचेवर पाणी केशरबाई टाकत होत्या. मरायच्या आधी त्यानं एक खोकं पाठवलं होतं, आत कॉम्प्युटर आहे असं कळवून. दिवाळीला येऊन ते दुर्बिणीला जोडणार होता. खोकं कुणी उघडलेलं नाही. शेषरावांनी आज ते माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, चालू करून दाखवाल का? त्याला काय दाखवायचं होतं ते तरी पाहू.

आमच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष न करण्याची प्रतिज्ञा आहे. मेलेल्याचा कॉम्प्युटर चालू करू नये असं कुठं लिहिलेलं नाही. मी हो म्हणालो.

७ जानेवारी

खरंच कॉम्प्युटर! तळहाताएवढी हिरवी पाटी, त्यावर आकड्यांची बटणं आणि लाल अक्षरांची चिमुकली खिडकी. सोबत दोन मोटारी, एक इंग्रजी पुस्तक आणि एक कॅसेट. कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावली तर नुसते रातकिडे किरकिरतात. ती किरकिर म्हणजेच ग्यानोबानं लिहिलेला प्रोग्राम. तारेतून ती पाटीला ऐकवायची, की पाटी शहाणी होते.

तीन संध्याकाळी डोकं फोडलं. मोटारी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडल्या. गावाच्या विजेवर ठेवल्या असत्या तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी राम म्हटला असता. प्रोग्राममध्ये जागा म्हणून त्याचं अमेरिकेतलं गाव घातलेलं होतं. ते पुसून मी आपलं घातलं. आज जेवणं झाल्यावर रात्री गुरूचा आकडा दाबला. दुर्बीण गुर्रर्र करत आपली आपण वळली आणि थांबली. डोळा लावला तर मधोमध गुरू, शेजारी त्याचे चार चंद्र! मी गच्चीवर नाचलो. खाली शेषराव नुसतेच हसले, आणि मग बराच वेळ तोंड धूत बसले.

१० जानेवारी

गाव लोटलं आहे. रोज दिवेलागणीला जिन्यावर रांग. शेवटी शून्य दाबलं की दुर्बीण सरळ आभाळाकडे तोंड करून झोपी जाते. ही सोयही त्यानंच केलेली. हुशार माणूस! जिवंत असता तर आमची गट्टी जमली असती.

केशरबाई आज जिन्यापर्यंत आल्या आणि विचारून गेल्या, यातून अमेरिका दिसते का हो. मी मास्तरकी केली. मोसंबी घेतली, वरून एक काडी टोचली, खालून एक. ही तुम्ही, हा ग्यानोबा. अगदी बरोबर पाठीमागे नव्हे, पण समजवायला चालतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे माझं लेकरू तिथं आपल्या हिशेबानं उलटं उभं व्हतं? मंग पडलं काहून न्हाई?" मी म्हणालो, जमीन धरून ठेवते. त्यांनी मोसंबी हातात फिरवली. "आन् मेल्यावर?"

त्या भाकरी उलटायला आत गेल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खाऊन दात दुखतो आहे. काल शून्य दाबल्यावर दुर्बीण सरळ वर न जाता थोडी कलती थांबली. आज आणखी कलली. तिथं एकही ठळक तारा नाही, नुसता काळोख. बॅटरी उतरली असेल. उद्या भरून आणतो.

१७ जानेवारी

बॅटरी भरलेली. मोटारी तपासल्या, दातेरी चाकं पुसली, प्रोग्राम एकेक आकडा करून वाचला. कुठं काही चूक नाही. तरी शून्य दाबलं की ती रोज खाली येते. आज तर सूर्य बुडायच्या आधीच मावळतीच्या माळावर येऊन थांबली.

डोळा लावला. सगळं पुसट. लांबच्या वस्तूसाठी आयपीस, म्हणजे डोळा लावायची नळी, आत ढकलावा लागतो, जवळच्यासाठी बाहेर ओढावा लागतो. थोडा बाहेर ओढल्यावर माळावरचा पळस दिसला. पळसाला धरून कुणीतरी उभं होतं. गुराखी असेल.

१९ जानेवारी

आज नाल्याजवळची बाभूळ. आयपीस परवाच्यापेक्षा बाहेर. तोच माणूस. थंडी आहे खरी, पण अंगात एवढा जाड काळा कोट इथं कोण घालतं? बैठकीत ग्यानोबाचा हार घातलेला फोटो आहे, बर्फातला. त्यातला कोट तोच.

आणि एक गोष्ट. लिहू का नको? लिहितोच. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. आरशाची दुर्बीण आहे, तिला इलाज नाही. बाभळीचा शेंडा खाली होता, जमीन वर होती, बगळे पाठीवर उडत होते.

तो माणूस मात्र सरळ दिसत होता.

म्हणजे तिथं तो उलटा आहे. डोकं खाली, पाय आभाळाकडे, आणि दोन्ही हातांनी फांदी घट्ट धरलेली. सोडली तर वर पडेल.

दुर्बिणीवरून डोळा काढला की नुसती बाभूळ.

२१ जानेवारी

शेषरावांना सांगितलं. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी डोळा लावला आणि तसेच खाली बसले. मग म्हणाले, मास्तर, तिला दाखवू. एकदा तोंड पाहू द्या. मग डबा नदीला जाईल, पोरगं सुटेल. मी नको म्हणालो. तारा तोडून टाकतो म्हणालो. त्यांनी माझे हात धरले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी काय करणार होतो?

२२ जानेवारी

दाखवलं.

दुर्बीण अंगणातल्या कडुनिंबावर येऊन थांबली होती. आयपीस पार बाहेर. केशरबाई किती वेळ डोळा लावून होत्या कुणास ठाऊक. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "वाळला रे माझा ग्यानू." मग विचारलं, झाड उलटं आणि हा सरळ कसा? त्यांचं त्यांनाच उमगलं. मोसंबी मीच दिली होती ना.

त्या म्हणाल्या, बाहेर त्याच्या पायाखाली काहीच नाही. वर्षभर एकेक झाड धरत आला. हात दुखले असतील. त्याला छत पाहिजे.

आम्ही अडवायच्या आत त्या खाली उतरल्या, डबा सोडला आणि घरात नेऊन ठेवला. राख घरात! शेषराव नुसते बघत राहिले. रीत मोडली. मीही बघत राहिलो. मी रीत मानत नाही. तरी आज दाराला कडी लावून झोपतो आहे.

२३ जानेवारी

सकाळी जाग आली. समोर छत. पांढऱ्या चुन्यावर मातकट बुटांचे ठसे. दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून माझ्या खाटेच्या बरोबर वर.

२४ जानेवारी

शाळेत गेलो नाही. तारा तोडल्या, बॅटरी काढून ठेवली. स्वयंपाकघराच्या छतावर ठसेच ठसे. तिथं जास्त फिरतो.

केशरबाई ताट वाढतात. ग्यानोबाचं ताट. वर धरतात, हात दुखेपर्यंत. भाकरी खाली पडते. पुन्हा उचलतात, पुन्हा धरतात. "घे रे बाबा, घे." आई आहे ती. मी तिला काय विज्ञान सांगू?

दुपारी पाहिलं, त्या खाटेवर उताण्या होत्या, मान खाटेखाली लोंबकळत सोडलेली. मला वाटलं, गेल्या. त्या हसल्या. असं पाहिलं की सरळ दिसतो म्हणाल्या.

मला त्यांची भीती वाटत नाही. त्याचीही कमी झाली. मला फार वाईट वाटतं आहे. एवढ्या लांबून आला, आणि छतावरून खाली येता येत नाही. चार हात अंतर. तेवढंच उरलं आहे, आणि तेवढंच संपत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. घरी आलो तर शेषराव डबा घेऊन निघाले होते. नरसीला, कयाधू नदीच्या पात्रात. केशरबाईंचा डोळा लागल्यावर डबा काढला. रडत होते. तोंड पाहिलं तिनं, आता सुटू द्या म्हणाले. मला सोबत या म्हणाले नाहीत. आपणहून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण केशरबाईंपाशी कुणीतरी—

दुपार. छतावर पावलं वाजून राहिली. दाराकडे— परत— दाराकडे. त्याला थांबता येत नाही. तिकडे डबा नदीत उघडला असावा.

केशरबाई उठल्या. हात वर करून चालून राहिल्या, लहान पोराला रस्ता ओलांडायला धरावं तशा. मी म्हणालो, आई, बाहेर नका जाऊ. आई म्हणालो. त्या अंगणात गेल्या. वर कडुनिंबाची एक फांदी हलली आणि सुटली. त्यांच्या टाचा जमिनीवरून— आधी टाचा, मग बोटं—

मी पाय धरला. हलक्या होत्या, फारच हलक्या. त्या खाली वाकून म्हणाल्या, "सोडा मास्तर. लेकरू एकलंच जाईन."

मी सोडला.

का सोडला? मी— त्या इतक्या समाधानानं—

संध्याकाळ

गच्चीवर आहे. तारा तुटलेल्या, बॅटरी खाली. तरी दुर्बीण वळली. सरळ वर. डोळा लावला. काळा कोट दिसला, सरळ. त्याच्या हाताला हिरव्या लुगड्यातल्या केशरबाई, उलट्या. मग हळूहळू वळल्या. आता दोघंही सरळ दिसतात. लहान होत होत—

गेली. दोघं.

फाटक वाजलं. शेषराव आले. धोतर ओलं, हातात रिकामा डबा. खालून विचारून राहिले, केशर कुठं आहे. पुन्हा विचारतात. मी त्यांना कसं—

दुर्बीण गुरगुरली. खाली येते आहे. इतक्यात? माळ— नाला—

शेषराव जिना चढून आले. त्यांनी माझं तोंड पाहिलं. डबा ठेवला.

कडुनिंबावर थांबली. हिरवं लुगडं—

मी म्हणालो, दादा, नका पाहू. तुमी तरी नका—

त्यांनी डोळा लावला.