कोठीला रंग दिला

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

विजयदादांचा इंदूरहून फोन. कोठी विकायचीच म्हणतात. नागपूरचा एक बिल्डर तयार आहे — कोठी पाडणार, मागच्या विहिरीपर्यंत सगळं सपाट करणार आणि तिथं एसी हॉल आणि लॉन! "तुम्ही बी तिथं लग्नंच लावून राहिले ना? आताही लग्नंच होतीन. इतकंच."

इतकंच म्हणे.

अर्धी कोठी भासऱ्यांची, म्हणजे विजयदादांची, अर्धी त्यांच्या धाकट्या भावाची, मुकुंदची. मुकुंद शेजारी बसून नुसता हं हं करत होता. (तोंडाने 'अहो', कागदावर मुकुंद. कागदाला कसली लाज!) शेवटी फोन मीच घेतला. म्हटलं, दादा, पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून जुन्या इमारतींची यादी बनते आहे. दिवाळीनंतर भोपाळहून पुरातत्त्व खात्याच्या बाई येणार आहेत. यादीत नाव आलं तर कोठीला कोणी हात लावू शकणार नाही. दादा हसले. म्हणाले, बाईंनी हो म्हटलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

शब्द दिलाय. मी तो घट्ट धरून ठेवलाय.

८ ऑक्टोबर, बुधवार

बोरगावची पार्टी साक्षगंधासाठी भाड्याने घ्यायला दिवाणखाना बघून गेली. मुलीच्या आईला भिंतींवर गुलाबी पडदे हवेत. "हे जुनं-पुरानं फोटोत बरं नाही दिसत." मी सरळ नाही म्हटलं. मुकुंद मागून हळूच म्हणाला, लावू दे ना पडदे, एक दिवसाचा प्रश्न आहे.

जुनं-पुरानं! दिवाणखान्याच्या चारी भिंतींवर आगगाडी काढली आहे, आजेसासऱ्यांनी कोणाकडून तरी काढून घेतलेली. इंजिन दाराच्या उजवीकडे, आणि डबे फिरत फिरत पुन्हा दारापर्यंत. प्रत्येक खिडकीत माणूस. एकाने छत्री बाहेर काढली आहे. एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपलाय. एक बाई लेकराला पाजते आहे, आणि पदर सारखा करता करता आपल्याकडे बघते — काय बघताय म्हणून.

लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला सगळ्यांची भीती वाटायची. या बाईची नाही वाटली. ही भिंत मी पडद्याआड जाऊ देणार नाही, पाडू तर मुळीच देणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. नागपूर

शिवानीची सासू दवाखान्यात, घरात सात महिन्यांचं बाळ, म्हणून लेकीकडे आले. जीव मात्र सौंसरला, कोठीत. फोन केला की मुकुंद म्हणतो, सगळं ठीक आहे, तू आरामात ये.

शिवानी म्हणाली, आई, तुम्ही दोघं इथंच या ना राहायला. बाबा तर केव्हाही येतो म्हणतात. मी हसले. बाबांचं काय, ते लेकीचं मन राखायला म्हणतात!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काय लिहू.

बसमधून उतरून घरी आले. फाटकातच रंगाचा वास. व्हरांड्याचे सागवानी खांब — सोनेरी! लग्नातल्या खुर्च्यांना असतो तो सोनेरी. दिवाणखान्यात गेले. चारी भिंती पुट्टी मारून गुळगुळीत, वर मोतिया रंग. गाडी नाही. एकसुद्धा डबा नाही.

मुकुंद मध्यभागी उभा, केसांत पुट्टी. "साहेब लोक येऊन राहिले. त्यायले मळकं घर दाखवाचं का?"

आमच्या गल्लीतले नत्थूजी पेंटर आणि त्यांची माणसं सामान आवरत होती. ती सगळी खूश. शेजारच्या देवकाबाई दारातून म्हणाल्या, कोठी कशी लखलखून राहिली! मी पिशवी तिथेच टाकली आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नत्थूजी मान खाली घालून निघून गेले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

जेवले नाही. तोही जेवला नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

गाव लोटलं कोठी बघायला. प्रत्येकाने तारीफ केली. दोघांनी तर जागेवर लग्नाची तारीख विचारली. मी हसून फराळ देत राहिले. आज लक्ष्मी आली असेल तर तिलासुद्धा घर ओळखू आलं नसेल.

राग ओसरला तसं वाईट वाटायला लागलं. त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की आधी चुन्याची बालदी निघते. मला बघायला येणार होते तेव्हा माझ्या बाबांनी गोठासुद्धा रंगवला होता! मुकुंदने तेच केलं, मोठ्या पाहुण्यासाठी मोठं केलं. रात्री त्याला म्हटलं, अहो, जाऊ द्या, तुम्हाला काय माहीत. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

माणूस भोळा आहे. भोळेपणाने घर बुडवलं, काय करू!

२७ ऑक्टोबर, सोमवार

भोपाळच्या बाई आल्या. सोबत पांढुर्ण्याच्या ऑफिसचा सागर नावाचा मुलगा. मी नागपूरला होते तेव्हा हाच मापं घ्यायला आणि फोटो काढायला येऊन गेला होता. ते फोटो बघूनच बाई इतक्या उत्सुकतेने आल्या होत्या.

दिवाणखान्यात त्या चारी भिंतींपाशी फिरल्या. मग भिंतीवर तळहात ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, "आपको किसी ने मना नहीं किया था?"

मुकुंदने तोंड उघडायच्या आत मीच बोलले. नाही! कोणी नाही सांगितलं! आम्हाला काय स्वप्न पडणार होतं? बाईंनी सागरकडे बघितलं. तो काहीतरी बोलणार होता, पण नाही बोलला.

मी बाईंचे हात धरले. शरम सोडून धरले. म्हटलं, एक संधी द्या. त्या म्हणाल्या, बारा नोव्हेंबरला परत येते. निदान एका भिंतीवरचं जुनं चित्र धड बाहेर आलं तर वर तसं लिहीन. नाही आलं तर लिहायला माझ्याकडे काही राहणार नाही.

दादांना कळवलं. ते म्हणाले, बारा तारीख पाहतो, तेरापासून मी मोकळा.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पांढुर्ण्याला जाऊन आले. ऑफिसात सगळ्यांसमोर सागरला धरलं. तुझं काम होतं सांगायचं! तो म्हणाला, "काकू, मी भाऊंले सांगतलं होतं. रंग लावू नका, पुट्टी त बिलकुल नाही. दोनदा सांगतलं."

इतकं खोटं! आपली चूक झाकायला माझ्या नवऱ्याच्या माथी मारतो! म्हटलं, त्यांनी आयुष्यात कोणाशी कपट नाही केलं, आणि तू काल नोकरीला लागलेला पोरगा. वर तक्रार करीन म्हटलं. त्याचे कान लाल झाले. शिवानीपेक्षाही लहान असेल.

घरी येऊन मुकुंदला सांगितलं. तो इतकंच म्हणाला, "जाऊ दे." खोटं बोलणाऱ्यावरही राग नाही! मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

२ नोव्हेंबर, रविवार. तुळशीचं लग्न

आजपासून सीझन सुरू. खाली अंगणात हळदीचा कार्यक्रम, वर दिवाणखान्याचं दार लावून आम्ही दोघं भिंत खरवडतोय. ओलं फडकं धरायचं, पुट्टी फुगली की पातळ पट्टीने उचलायची. जोर लागला की चित्रही पुट्टीबरोबर येतं. छत्रीवाला दिसला! मी आनंदाने ओरडले, आणि बघता बघता तो माझ्या हातात भुगा होऊन आला. नुसती निळी धूळ.

खाली डीजेवर बायका नाचत होत्या आणि मी भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होते. मुकुंदने हातातली पट्टी काढून घेतली. "सोड ना आता, तृप्ती. काऊन जिवाले लावून घेऊन राहिली?" मी पट्टी हिसकावली. म्हटलं, तुमचंच घर आहे, तुम्हीच कसं सोड म्हणता?

५ नोव्हेंबर, बुधवार

इंजिन गेलं. म्हाताराही गेला. देवा, एक तरी खिडकी राहू दे.

काल पंगतीत वराकडच्या कोणीतरी मुकुंदला "ओ वेटर" म्हणून हाक मारली. आणि याने नेऊन दिलं पाणी! मालगुजाराचा नातू, आणि आपल्याच घरात पाणी वाढतो! शिवानीला फोनवर सांगून मी खूप हसले. मुकुंद ऐकत होता. तो नाही हसला. त्याचा गुडघा पुन्हा सुजलाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नत्थूजींना बोलावलं. दिवाळीआधी ओरडले त्याबद्दल आधी माफी मागितली, मग म्हटलं, तुमचा हात हलका आहे, उरलेली भिंत तुम्हीच उघडा. मुकुंद बाजारात गेला होता. नत्थूजी फडकं भिजवत बोलत होते.

म्हणाले, "बाई, मले त तवाच वाटलं होतं, करू नये. तो ऑफिसचा पोरगा माह्यासमोरच भाऊले सांगून गेला का रंग लावू नका. मी म्हटलं, भाऊ, राहू द्या मंग. भाऊ म्हणे, नाही, तिकडून बाई याच्या आंदी सारं झालं पाहिजे."

मला माहीतच असेल असं धरून सांगत होते ते.

तिकडून बाई. म्हणजे मी. नागपूरहून मी येण्याआधी.

जिन्यात जाऊन बसले. विसरला असेल? विसरणारा माणूस घाई करत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

विचारलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल.

सागरला फोन करून माफी मागितली. "काही नाही काकू," म्हणाला आणि ठेवून दिला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवसभर भिंतीशी. एकटी. मुकुंद दोनदा दारात आला आणि परत गेला. संध्याकाळी कोपऱ्यातली पुट्टी एका थरात सुटली — आणि मागे ती बसलेली! लेकराला पाजणारी! नाक, डोळे, पदर, खिडकीची चौकट, सगळं शाबूत. पुढच्या दोन खिडक्याही सुटतील म्हणाले नत्थूजी. भोपाळच्या बाईंना एवढं पुरेल. पुरेलच!

मी जिंकले. आणि आनंद सांगायला घरात माणूस नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

विचारलं.

आधी भिंत दाखवली. त्याने त्या बाईकडे बघितलं. मग खाली बसला, गुडघा धरून. म्हणाला, "मले इथं नाही राहाचं, तृप्ती. दुसऱ्याचे लग्नं आवरता आवरता मी या घरात कधी बसलोच नाही. तू पाहतं ना या घराकडे, तसं मले कधी वाटलंच नाही. दादाचा फोन आला तवा मले आनंद झाला. तो मी तुले कसा सांगू?"

मी म्हटलं, सांगायचं होतं. नुसतं एवढंच सांगायचं होतं!

"तू ऐकलं असतं, पण आतून मेली असती. म्हटलं, सरकारनंच नाही म्हणू दे. मंग तू मले दोष नाही देणार." आणि मग तो रडला. सासरे गेले तेव्हाही मी याला रडताना पाहिलं नव्हतं.

राग आहे. खूप राग आहे. एवढं साधं वाक्य बोलायला त्याला सगळं घर रंगवावं लागलं! मला त्याने मूर्ख बनवलं, त्या पोराला माझ्या तोंडून खोटारडा ठरवलं, आणि रोज माझ्या शेजारी बसून ओलं फडकं धरलं. हे मी कधी विसरेन असं वाटत नाही.

पण ही कोठी माझ्या माहेरची नाही. त्याच्या जन्माची आहे. जन्मल्यापासून तो इथं आहे आणि त्याला जायचंय, आणि मी बाहेरून आले आणि मला जाववत नाही. शिवानी म्हणाली होती, बाबा केव्हाही येतो म्हणतात. मी हसले होते. यादीत नाव आलं तर कोठी पडणार नाही, आणि मुकुंदही इथून कधी हलणार नाही. विकत कोण घेणार मग? मेल्यावरच सुटेल.

१० नोव्हेंबर, सोमवार

तीन खिडक्या उघडल्या. नत्थूजी खूश होऊन गेले. देवकाबाईंनी भिंतीला हळद-कुंकू लावायला ताट आणलं होतं, मी लावू दिलं नाही. दार लावून त्या बाईसमोर बसले. आज तिच्याकडे नीट बघवलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी भोपाळला फोन केला. बाईंना म्हटलं, उद्या येऊ नका. भिंतीतून काहीच निघालं नाही.