शेजारचा डबा

अहो,

नमस्कार. मी खुशाल आहे, प्रशिक्षणही नीट चाललंय. आईंचा गुडघा कसा आहे?

रविवारी जुन्या शहरात पायी फिरून खाण्याची सहल केली. आम्ही सातजण, पुढे छत्री उंच धरून वाटाड्या. प्रत्येक गाडीवर दोघांत एक बशी मिळायची. तिन्ही जोडपी एकमेकांना भरवत होती, मी आपली अख्खी बशी घेऊन वेशीच्या भिंतीला टेकून उभी.

सहा गाड्या झाल्या, पण चव एकीचीही कळली नाही. डोक्यात तुमचं पत्र. एकूण नऊ ओळी, त्यातल्या पाच शेजारच्या वहिनींच्या दुधीच्या भाजीवर. माझा दुधी वीस वर्षं ताटाच्या कडेला सारलात, तो कोणता होता?

मला काही वाटत नाही हो. वहिनी मनाच्या चांगल्या आहेत. पण डबा रोज?

कुणाचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे मीच तुम्हाला शिकवलंय. आता विसरा. रिकामाच द्या. आणि द्यायला तुम्ही जाऊ नका, आईंना पाठवा. गुडघा दुखला तरी चालेल.

तुमची एकुलती एक बायको